‘चेक’ या शब्दात राजा कुठून आला?

मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘चेक’ हा इंग्रजी शब्द निदान चार वेगवेगळ्या अर्थांनी येतो. बँकेत वटवायचा चेक, चौकटींच्या कापडाचा चेकचा शर्ट, हिशेब किंवा उत्तरपत्रिका चेक करणे आणि बुद्धिबळाच्या पटावर राजाला दिलेला चेक हे ते चार अर्थ. मुलुंडचा चेकनाका, डॉक्टरांकडचे चेकअप आणि विमानतळावरचे चेक-इन यांची भर घातली तर ही यादी आणखी लांबते. पैसे देण्याचा लेखी आदेश, कापडावरची नक्षी, तपासणी आणि खेळातली एक चाल यांचा परस्परांशी संबंध काय, हा प्रश्न विचारला तर प्रथमदर्शनी असेच वाटते की हे मुळात वेगळे शब्द असावेत आणि त्यांचे उच्चार योगायोगाने जुळले असावेत. इंग्रजीत असे घडतेही. वटवाघूळ या अर्थाचा ‘बॅट’ आणि क्रिकेटची ‘बॅट’ यांचे मूळ एक नाही. ‘चेक’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. वरचे सगळे अर्थ एकाच शब्दातून फुटलेले आहेत आणि तो शब्द मुळात इंग्रजी नाही. तो फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळ खेळताना आपण मराठीत ज्याला ‘शह’ म्हणतो, तोच हा शब्द.

हे कशाच्या आधारावर सांगता येते, ते आधी पाहायला हवे, कारण शब्दांच्या उगमाविषयी ऐकीव कथा फार असतात. ऐतिहासिक पद्धतीने रचलेला शब्दकोश, उदाहरणार्थ ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश, प्रत्येक अर्थासाठी जुन्या लिखाणातली उदाहरणे वर्षांसह देतो. कोणता अर्थ आधी आला आणि कोणता नंतर, हे त्या उदाहरणांच्या क्रमावरून ठरते. दोन शब्दांचे उच्चार सारखे असणे हा पुरावा नव्हे. एका रूपातून दुसरे रूप त्या त्या भाषेच्या उच्चारनियमांनुसार निघते का, आणि मधल्या पायऱ्या लिखित स्वरूपात सापडतात का, या दोन कसोट्यांवर व्युत्पत्ती टिकते किंवा कोसळते. ‘चेक’च्या प्रवासातल्या बहुतेक पायऱ्या या कसोट्यांवर उतरतात.

पश्चिम इराणमध्ये केरमानशाह शहराजवळ बिसोतून येथील डोंगरकड्यावर सम्राट दारियसने इ. स. पू. ५२० च्या सुमारास कोरून घेतलेला एक प्रचंड शिलालेख आहे. त्यात दारियस स्वतःला ‘क्षायथिय’, म्हणजे राजा, आणि ‘क्षायथिय क्षायथियानाम्’, म्हणजे राजांचा राजा, असे म्हणवतो. संस्कृत शिकलेल्या वाचकाला त्यातली षष्ठी बहुवचनाची ‘-आनाम्’ ही विभक्ती लगेच ओळखू येईल. प्राचीन फारसी आणि वैदिक संस्कृत या सख्ख्या बहिणी आहेत. ‘क्षायथिय’ ज्या धातूपासून आला, त्याचाच भाऊबंद ऋग्वेदात ‘सत्ता गाजवणे’ या अर्थाने ‘क्षयति’ या रूपात आढळतो आणि ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ हे शब्दही त्याच कुळातले आहेत. (झीज या अर्थाचा ‘क्षय’ मात्र निराळा.) पुढच्या हजारभर वर्षांत ‘क्षायथिय’ झिजत झिजत मध्यकालीन फारसीत ‘शाह’ झाला, आणि ‘राजांचा राजा’ या बिरुदाचे ‘शाहानशाह’, म्हणजे आपला ‘शहेनशहा’, झाले.

बुद्धिबळाचा प्रवास याच्या उलट दिशेने, भारतातून इराणकडे झाला. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना अष्टापदाचा, म्हणजे आठ गुणिले आठ घरांच्या पटाचा, आणि चतुरंगाचा उल्लेख श्लेषाने केला आहे, त्याअर्थी तोवर हा खेळ उत्तर भारतात चांगलाच रुजलेला होता. सासानी राजवटीत तो इराणात पोहोचला आणि ‘चतुरंग’चा ‘चतरंग’ झाला. सातव्या शतकाच्या मध्याला अरबांनी इराण जिंकले, तेव्हा अरबीत ‘च’ आणि ‘ग’ हे वर्ण नसल्यामुळे ‘चतरंग’चा ‘शतरंज’ झाला. खेळातली मुख्य संज्ञा मात्र अरबांनी फारसीच ठेवली. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू ‘शाह!’ असे म्हणत, म्हणजे ‘राजा!’, ‘राजाला सांभाळ!’ असा तो इशारा होता. ‘चेक’ या शब्दाचा जन्म या हाकेत आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या नियमांनुसार स्पर्धेतल्या खेळाडूवर तोंडाने ‘चेक’ म्हणण्याचे बंधन नाही, परंतु जुन्या खेळात ही हाक शिष्टाचाराचा भाग होती.

‘शाह मात’ हे त्याच्या पुढचे पाऊल. ‘मात’चा अर्थ अरबी ‘माता’, म्हणजे ‘तो मेला’, या क्रियापदावरून लावण्याची प्रथा आहे आणि ‘राजा मेला’ हा अर्थ ऐकायला सरळही वाटतो. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबुद्ध, निरुपाय झालेला, असाही शब्द आहे. मला हे दुसरे स्पष्टीकरण खेळाशी अधिक सुसंगत वाटते. बुद्धिबळात इतर सोंगट्या मारल्या जातात, पण राजा कधीच मारला जात नाही. त्याला हलायला जागा उरत नाही आणि तेथेच डाव संपतो. इंग्रजी ‘चेकमेट’मधला ‘मेट’ हाच आहे, आणि आपण ‘संकटावर मात केली’, ‘आजारावर मात केली’ असे म्हणतो तेव्हा तोंडी येणारी ‘मात’ही हीच.

अरबांबरोबर आणि त्यांच्याशी चालणाऱ्या व्यापाराबरोबर हा खेळ स्पेन आणि इटलीमार्गे युरोपात शिरला. इ. स. १००० च्या आसपासची एक लॅटिन कविता स्वित्झर्लंडमधल्या आइनझीडेल्न येथील मठात जपलेली आहे आणि तीत खेळाचे नियम वर्णिले आहेत. ‘शाह’ शब्दाच्या शेवटचा, घशातून येणारा ‘ह’ लॅटिन भाषकांनी ‘क’ने लिहिला आणि ‘स्काकुस’ हे रूप तयार झाले. पुढचे बदल जुन्या फ्रेंचच्या नियमांनी झाले. त्या भाषेत लॅटिन ‘का’चा ‘चा’ होई, म्हणून ‘काम्पुस’चा ‘शां’ (जुन्या उच्चारात ‘चाम्प’) आणि ‘कास्तेल्लुम’चा ‘शातो’ झाला. शिवाय शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडून व्यंजन आले की त्याच्या आधी ‘ए’ लागे, म्हणूनच लॅटिन ‘स्कोला’पासून फ्रेंच ‘एकोल’, म्हणजे शाळा, निघाला. या दोन्ही नियमांनी ‘स्काकुस’चा ‘एस्चेक’ झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबाराची, न्यायाची आणि करमणुकीची भाषा फ्रेंच झाली, ‘एस्चेक’ तिकडे गेला आणि आरंभीचा ‘एस’ गळून ‘चेक’ उरला. त्याच शब्दाचे अनेकवचन ‘एस्चेस’ हेही इंग्रजीत आले आणि त्याचा ‘चेस’ झाला. म्हणजे खेळाचे इंग्रजी नाव व्याकरणाच्या दृष्टीने ‘चेक’चे अनेकवचन आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘राजे’ असा होतो. जर्मन ‘शाख’, इटालियन ‘स्काक्की’ आणि रशियन ‘शाखमाती’ ही सारी याच कुळातली भावंडे. आधुनिक फ्रेंचमध्ये याच शब्दाचे ‘एशेक’ हे रूप बुद्धिबळासाठी तर वापरतातच, पण त्याचा दुसरा रोजचा अर्थ ‘अपयश’ असा आहे.

इंग्रजीत आल्यावर शब्दाच्या अर्थाचा विस्तार सुरू झाला. राजाला शह बसला की खेळाडूला ठरवलेली चाल सोडून द्यावी लागते, त्याच्या बेताला एकदम खीळ बसते. त्यामुळे चौदाव्या शतकातच ‘चेक’ म्हणजे अचानक आलेला अडथळा, अटकाव, असा अर्थ रूढ झाला. शिकारी कुत्र्याचा माग हरवून तो थबकला की तोही ‘चेक’, आणि घोड्याला लगामाने आवरणे हाही ‘चेक’. रागाला, खर्चाला किंवा शत्रूच्या चढाईला आळा घालणे हा आजही इंग्रजीतला जिवंत अर्थ आहे.

याच ठिकाणी मराठीकडे वळून पाहावेसे वाटते. बहमनी काळापासून फारसी ही दख्खनच्या दरबारांची भाषा होती, त्यामुळे ‘शह’ आपल्याकडे लॅटिन-फ्रेंचचा वळसा न घेता सरळ आला. खेळातल्या या शब्दाचे मराठीत पुढे काय झाले? ‘प्रतिस्पर्ध्याला शह देण्यासाठी त्यांनी नवी आघाडी उभारली’ किंवा ‘शह-काटशहाचे राजकारण’ असे वाक्प्रयोग वृत्तपत्रांत नेहमी आढळतात. म्हणजे हल्ल्याची चाल, तिच्यामुळे बसणारी खीळ आणि त्यावरून कोणालाही घातलेला आळा, ही इंग्रजीने चढलेली अर्थाची पायरी मराठीने स्वतंत्रपणे, एकमेकींची काहीही वार्ता नसताना, चढली. अर्थविस्तार हा निव्वळ लहरीचा मामला नसतो, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. मराठी ‘शह’ मात्र या पायरीवर थांबला. त्याला कधी हिशेब तपासण्याचा, कापडावरच्या चौकटींचा किंवा बँकेतल्या कागदाचा अर्थ आला नाही. इंग्रजी शब्दाचा हा पुढचा प्रवास घडला तो बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधील एका टेबलामुळे, आणि त्या टेबलाची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एस्चेकिए’ म्हणत. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री (राज्यकाल ११०० ते ११३५) याच्या काळात राजाच्या महसुलाचा हिशेब घेण्यासाठी जी कचेरी उभी राहिली, तिला हेच नाव मिळाले आणि त्याचे इंग्रजी रूप ‘एक्सचेकर’ असे झाले. (त्यातला ‘एक्स’ पंडितांच्या गैरसमजामुळे आला. आरंभीचा ‘एस’ हा लॅटिन ‘एक्स’चा अपभ्रंश असावा असे समजून त्यांनी स्पेलिंग ‘दुरुस्त’ केले.) ११७० च्या दशकाच्या अखेरीस, दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या कचेरीच्या कामकाजावर गुरुशिष्यसंवादाच्या स्वरूपात लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला आणि त्यामुळे आपल्याला तेथले बारीकसारीक तपशीलही ठाऊक आहेत. त्याच्या वर्णनानुसार हे टेबल सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद होते. वर ठेवलेले काही खाली पडू नये म्हणून त्याच्या भोवताली चार बोटे उंचीची कड होती. त्यावर काळे कापड अंथरीत आणि त्या कापडावर फूटभर किंवा वीतभर अंतरावर रेषा आखलेल्या असत.

या रेषांचे कारण साधे होते. त्या काळी इंग्लंडात रोमन अंक वापरले जात. त्यांत शून्य नव्हते आणि अंकाच्या जागेवरून त्याची किंमत ठरत नव्हती, त्यामुळे कागदावर बेरीज-वजाबाकी करणे अतिशय किचकट होते. म्हणून रकमा मांडायच्या त्या टेबलावरच्या रकान्यांत सोंगट्या ठेवून. एका कडेच्या रकान्यात पेनी, त्याच्या शेजारी शिलिंग, मग पौंड, वीस पौंड, शंभर, हजार आणि दहा हजार. बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असल्यामुळे एका रकान्यातल्या सोंगट्या पुरेशा साठल्या की त्या काढून पुढच्या रकान्यात एक सोंगटी सरकवायची. रुपये-आणे-पैचे हिशेब केलेल्या पिढीला ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. ईस्टर आणि मायकेलमस अशा वर्षातल्या दोन सणांच्या सुमारास परगण्यापरगण्यातले शेरीफ येत. मुंबईत शेरीफ हे केवळ मानाचे पद आहे, पण त्या काळच्या इंग्लंडातला शेरीफ परगण्याचा महसूल गोळा करून राजाकडे भरणारा अधिकारी होता. त्याच्याकडून येणे असलेली रक्कम सोंगट्यांनी एका ओळीत मांडली जाई, त्याने भरलेली रक्कम खालच्या ओळीत, आणि दोहोंतला फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उघडा पडे. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेरीफालाही तो दिसे.

या कचेरीला बुद्धिबळाच्या पटाचे नाव का, असा प्रश्न फिट्झनीलच्या ग्रंथातही चर्चिला आहे. गुरू सांगतो की टेबलाचा आकार पटासारखा आहे हे एक कारण झाले, पण दुसरे अधिक खोल आहे. पटावर जशी दोन राजांत लढाई होते, तशी येथे प्रामुख्याने दोघांत झुंज चालते. एक खजिनदार आणि दुसरा हिशेब द्यायला बसलेला शेरीफ, आणि बाकीचे पाहून निवाडा करतात. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या सरकारी अधिकाऱ्याने आपल्या कामाचे केलेले हे वर्णन मला फार मार्मिक वाटते. सार्वजनिक पैशाचा हिशेब ही दोन पक्षांत उघड्यावर व्हायची गोष्ट आहे, हे त्याला पक्के उमगले होते. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा अधिकारी.

शेरीफाने पैसे भरल्याची पावती म्हणून त्याला हेझलच्या लाकडाची खाचा पाडलेली काठी मिळे. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी आणि एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी, असे फिट्झनीलने नोंदवले आहे. खाचा पाडून झाल्यावर काठी उभी चिरत. एक भाग शेरीफाकडे राही आणि दुसरा कचेरीत. वाद झालाच तर दोन्ही भाग जुळवून पाहायचे, आणि कोणी एका भागावर खाच वाढवली असेल तर ती तत्काळ उघडकीला येई. ही पद्धत १८२६ मध्ये कायमची बंद झाली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसदभवनातल्या भट्ट्यांत जाळताना आग भडकली आणि तीत संसदेची जुनी इमारतच जळाली. एका गोष्टीचे दोन भाग करून ते परस्परांशी ताडून पाहायचे, ही या काठ्यांमागची कल्पना बँकेच्या चेकपर्यंत जाण्यासाठी ध्यानात ठेवायला हवी.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘चेक’ या क्रियापदाला नवा अर्थ आला, तो म्हणजे एखादी गोष्ट दुसरीशी ताडून ती खरी की खोटी ते ठरवणे. अटकावाच्या अर्थाशी त्याचे नाते सरळ आहे. जो दुसऱ्याच्या व्यवहारावर लक्ष ठेवून गैरप्रकाराला आळा घालतो, तो तपासतोच. त्या सुमारास लंडनमध्ये सोनारांकडे आणि पेढ्यांवर पैसे ठेवून ‘अमक्याला इतके द्यावे’ असा लेखी आदेश काढण्याची रीत चांगली रुळलेली होती. जपून राहिलेल्या जुन्या इंग्रजी आदेशांपैकी एक १६५९ सालचा असून तो निकोलस व्हानॅकर याने मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर काढलेला चारशे पौंडांचा आहे. पण त्या कागदाला तेव्हा कोणी ‘चेक’ म्हणत नसे. वस्तू आधी आली आणि तिला हे नाव नंतर मिळाले.

अठराव्या शतकाच्या आरंभी ‘चेक’ हे नाव होते ते अशा कागदांच्या स्थळप्रतीचे. आदेशाचा किंवा हुंडीचा जो भाग फाडून दिला जाई, त्याच्याशी पुढे ताडून पाहता यावे म्हणून पुस्तकात जो तुकडा मागे राही, तोच बनावटगिरीला बसलेला ‘चेक’, म्हणजे अटकाव. १७१७ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने अशा आदेशांसाठी छापील अर्ज सुरू केले. हळूहळू मागे राहिलेल्या तुकड्याचे नाव फाडून दिलेल्या कागदालाच चिकटले आणि शतक संपेपर्यंत पैसे देण्याच्या आदेशाला सर्रास ‘चेक’ म्हणू लागले. त्याचे स्पेलिंग तोवर तपासणीच्या ‘चेक’सारखेच होते. १८२८ च्या सुमारास जेम्स विल्यम गिल्बार्ट या बँक व्यावसायिकाने बँकिंगवरील आपल्या पुस्तकात ‘एक्सचेकर’शी मिळतेजुळते असे लांब स्पेलिंग वापरले आणि ब्रिटनमध्ये ते रूढ झाले. अमेरिकेने जुनेच कायम ठेवले. भारतात ब्रिटिश कायद्याबरोबर ब्रिटिश स्पेलिंग आले आणि १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात ते पक्के झाले. चेक न वटल्यास गुन्हा ठरवणारे प्रसिद्ध १३८ वे कलम त्याच कायद्यातले आहे, मात्र ते त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आले. देवनागरीत दोन्ही ‘चेक’ सारखेच लिहिले जातात, त्यामुळे इंग्रजीने स्पेलिंगपुरता केलेला भेद मराठीत पुन्हा नाहीसा झाला आहे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच अधिक खरे आहे.

या ठिकाणी एका लोकप्रिय मताचा परामर्श घ्यावा लागतो. बँकेचा चेक हा अरबी ‘सक्क’ या शब्दापासून आला, असे पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. ‘सक्क’ हा फारसी ‘चक’चा अरबी अवतार असून त्याचा अर्थ लेखी दस्तऐवज किंवा पैसे देण्याचा आदेश असा होता, हे अगदी खरे आहे. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या दक्षिण टोकाच्या औदगुस्त गावी ४२,००० दिनारांचा असा एक दस्तऐवज पाहिल्याचे नमूद केले आहे. म्हणजे चेकसारखी वस्तू इस्लामी जगात लंडनच्या कितीतरी आधी वापरात होती, आणि या गोष्टीचे श्रेय त्या व्यापाऱ्यांना निःसंकोच द्यायला हवे. परंतु वस्तू आधी असणे आणि इंग्रजी शब्द तिच्या नावावरून येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ‘सक्क’ थेट इंग्रजीत आला असता तर अगदी जुन्या इंग्रजी उदाहरणांत त्याचा अर्थ पैसे देण्याचा आदेश असा असायला हवा होता. प्रत्यक्षात तेथे अर्थ सापडतो तो ताडून पाहण्यासाठी ठेवलेल्या तुकड्याचा. उच्चारातल्या साम्यापेक्षा हा क्रम अधिक वजनाचा मानावा लागतो.

अशी फसवी साम्ये आपल्याही आसपास आहेत. चेक प्रजासत्ताकाच्या नावाचा बुद्धिबळाशी किंवा बँकेशी काडीचा संबंध नाही, कारण ते त्या स्लाव लोकांच्या ‘चेख’ या नावावरून आले आहे. गुजराती व्यापारी समाजातले ‘शहा’ हे आडनावही इराणच्या ‘शाह’वरून आलेले नाही. अभ्यासक ते संस्कृत ‘साधु’पासून, ‘साहू’, ‘साह’ या वाटेने आल्याचे मानतात, आणि आपला ‘सावकार’ही त्याच ‘साधु’च्या घरचा आहे.

कापडावरच्या नक्षीची वाट त्या मानाने सोपी आहे. बुद्धिबळाच्या पटासारख्या आलटूनपालटून येणाऱ्या चौकटींना ‘चेकर्ड’ म्हणू लागले आणि त्याचे आखूड रूप ‘चेक’ इ. स. १४०० च्या सुमारास चौकटींच्या नक्षीला मिळाले. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकणारा काळ्यापांढऱ्या चौकटींचा झेंडा आणि अमेरिकेत ‘चेकर्स’ म्हणून ओळखला जाणारा सोंगट्यांचा खेळ त्याच पटावरचे. चढउतारांनी भरलेल्या आयुष्यालाही इंग्रजीत ‘चेकर्ड’ म्हणतात.

तपासणीच्या अर्थाला मात्र एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत अक्षरशः फांद्या फुटल्या. अमेरिकेत सामान ठेवून मिळणारा बिल्ला, उपाहारगृहातले बिल आणि कागदावर केलेली बरोबरची खूण ही सगळी ‘चेक’ झाली. विमानोड्डाणाआधी वैमानिक जी यादी वाचतात त्या ‘चेकलिस्ट’ला महत्त्व आले ते ३० ऑक्टोबर १९३५ च्या एका अपघातानंतर. अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान चाचणीसाठी उडताना कोसळले, कारण जमिनीवर उभे असताना सुकाणूची पाती हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. दोषी विमानाची रचना नव्हती. जे लक्षात ठेवायचे ते टप्पेच इतके वाढले होते की निष्णात वैमानिकाच्या स्मरणशक्तीवर विसंबणे धोक्याचे होते. त्यानंतर उड्डाणाआधीची यादी सक्तीची झाली. बर्लिनच्या भिंतीवरचे ‘चेकपॉइंट चार्ली’ हे नाव अनेकांना एखाद्या माणसाचे वाटते. वास्तविक ‘चार्ली’ हा लष्करी वर्णमालेत तिसऱ्या अक्षराचा उच्चार आहे आणि ती तिसरी चौकी होती, एवढेच.

राज्यशास्त्रात मात्र या शब्दाने आपला जुना, अटकावाचा अर्थ जपला आहे. अमेरिकेची राज्यघटना १७८७ मध्ये तयार झाली. तिच्या समर्थनार्थ जेम्स मॅडिसन याने १७८८ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधाच्या शीर्षकातच ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ हा शब्दप्रयोग आहे. विधिमंडळ, कार्यपालिका आणि न्यायपालिका यांनी परस्परांना आवर घालावा, कोणा एकाच्या हाती अनिर्बंध सत्ता एकवटू नये, ही त्यामागची भूमिका. मराठीत आपण त्याला नियंत्रण व संतुलन म्हणतो. इतिहासाच्या अंगाने पाहिले तर अनिर्बंध सत्तेला आवर घालण्यासाठी वापरलेला हा शब्द स्वतः मुळात राजाचेच नाव आहे.

मराठीतही त्या राजाचे वास्तव्य ‘शह’पुरते मर्यादित नाही. आदिलशाही, निजामशाही या राजवटींच्या नावांतले ‘-शाही’ हे शेपूट फारसी ‘शाह’पासूनचे, म्हणजे ‘राजाचे, राजाविषयीचे’ या अर्थाचे. मराठीने ते आदिल किंवा निजाम यांच्यापासून सोडवले आणि कोणत्याही प्रकारच्या सत्तेसाठी वापरायला काढले. त्यातून शिवशाही, नोकरशाही, हुकूमशाही, घराणेशाही, झुंडशाही आणि लोकशाही असे शब्द घडले. ‘लोकशाहीत सरकारच्या कारभारावर संसदेचा चेक असतो आणि विरोधी पक्ष त्याला शह देऊ शकतो’ हे वाक्य कोणत्याही मराठी वर्तमानपत्रात शोभेल. त्यात दारियसचा ‘क्षायथिय’ तीनदा आला आहे: एकदा आदिलशाहीच्या वाटेने, एकदा लॅटिन, फ्रेंच आणि इंग्रजीच्या वाटेने, आणि एकदा सरळ बुद्धिबळाच्या पटावरून.